नव्या बोर्डावर जुनं एक्सपी

सांगलीत पावसाळ्यात वीज जाते आणि येते, त्यात नवीन काही नाही. पण २०२५ च्या ऑगस्टमध्ये एका रात्री ती आली तीच जोरात, आणि माझ्या दहा वर्षं जुन्या मशीनचा एसएमपीएस (वीजपुरवठ्याचा डबा) आणि मदरबोर्ड दोन्ही घेऊन गेली. सकाळी बाजूचं पॅनेल उघडलं तर जळकट वास. एसएसडी मात्र शाबूत होती. ती हातात घेतल्यावर जीव भांड्यात पडला, कारण माझं सगळं काम तिच्यावर होतं.

मी अक्षरजुळणीचं काम करतो. सुरुवात पेजमेकर या पानं जुळवायच्या विंडोजच्या प्रोग्रामवर झाली. गेली आठ-नऊ वर्षं रोजचं सगळं काम उबंटू या लिनक्सवर, युनिकोडमध्ये चालतं आणि त्यात मला काही उणं वाटत नाही. अडचण आहे ती जुन्या पुस्तकांची. २००० नंतरच्या दहा-बारा वर्षांत केलेली पुस्तकं पेजमेकरच्या फायलींत आहेत आणि त्यांतला मजकूर युनिकोडच्या आधीच्या मराठी फॉन्टांत आहे. त्या फॉन्टांमध्ये आपली अक्षरं इंग्रजी अक्षरांच्या जागांवर बसवलेली असत. फॉन्ट नसेल तर ‘क’च्या जागी इंग्रजी अक्षर, मात्रेच्या जागी डॉलर किंवा टक्क्याचं चिन्ह दिसतं. त्यातून माझं जुनं फॉन्ट-पॅकेज यूएसबीला लॉक, म्हणजे परवान्याची छोटी काडी, लावल्याशिवाय चालूच होत नाही. म्हणून मी व्हर्च्युअलबॉक्समध्ये, म्हणजे मशीनच्या आत दुसरं आभासी मशीन चालवणाऱ्या प्रोग्राममध्ये, एक अख्खं विंडोज एक्सपी जपून ठेवलं आहे. वीस जीबीची एक डिस्क-फाईल. तिच्यात एक्सपी, पेजमेकर ७ आणि ते फॉन्ट. वर्षातून पाच-सहा वेळा उघडतो, पण उघडतो तेव्हा दुसरा इलाज नसतो म्हणूनच.

या वेळी काम होतं एका कवितासंग्रहाच्या दुसऱ्या आवृत्तीचं. पहिली आवृत्ती मीच २००६ साली जुळवली होती. कवी गेले त्याच्या आधीच्या वर्षी तीन संध्याकाळी माझ्या शेजारी खुर्ची टाकून बसले होते आणि दुसऱ्या आवृत्तीसाठी एकेक ओळ सांगून बदलून घेतली होती. त्या दुरुस्त्या कागदावर कुठेही नाहीत, फक्त त्या फाईलीत आहेत. आता काकूंना, म्हणजे त्यांच्या पत्नींना, पुस्तक दिवाळीच्या आत हवं होतं. छापखान्याला सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात पीडीएफ द्यायची होती आणि मध्ये २७ ऑगस्टला गणपती.

दोन दिवसांत नवं मशीन जुळवून आलं. जुनं इंटेलचं होतं, हे एएमडी रायझनचं. जुनी एसएसडी काढून नव्या बोर्डाला लावली आणि बटण दाबलं, तर उबंटू जणू काही झालंच नाही अशा थाटात उठलं. लिनक्सचं हे मला मनापासून आवडतं. ड्रायव्हर कर्नलसोबतच, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यासोबतच, असतात, त्यामुळे बोर्ड बदलला तरी ते आपला आपला मेळ घालतं. इंटरनेट जोडल्याबरोबर अपडेटची खिडकी आली. मी ‘हो’ म्हटलं. कर्नल ६.११ वरून ६.१४ वर गेला, मशीन पुन्हा चालू केलं आणि एक्सपीवर क्लिक केलं.

‘कर्नल ड्रायव्हर नॉट इन्स्टॉल्ड’. खाली कंसात आरसी बरोबर उणे १९०८.

इथे मी केलेली एक चूक सांगतो, कारण पुढचा सगळा घोळ तिच्यामुळे वाढला. मी एकाच दिवशी दोन गोष्टी बदलल्या होत्या: मशीन आणि कर्नल. आता दोष कुणाचा हे एका नजरेत कळायची सोय उरली नव्हती.

काहीही करण्याआधी एक्सपीचं पूर्ण फोल्डर बाहेरच्या हार्डडिस्कवर उतरवलं आणि दोन्हीकडच्या डिस्क-फायलींचे चेकसम (पडताळणीचे आकडे) ताडून पाहिले. वीस मिनिटं गेली, पण त्यानंतर हात मोकळा झाला. मग पुण्याच्या भाच्याला फोन लावला. तो सर्व्हरचं काम करतो.

“मामा, पॅकेज काढून पुन्हा टाकायच्या मागे लागू नका,” तो म्हणाला. “ड्रायव्हर आहे की नाही ते आधी बघा. असेल तर हातानं चढवा. का चढत नाही ते तोच सांगेल.”

व्हर्च्युअलबॉक्स हा नुसता एक प्रोग्राम नाही. त्याचा एक तुकडा, व्हीबॉक्सडीआरव्ही नावाचं मॉड्यूल, थेट कर्नलमध्ये जाऊन बसतो. कर्नल बदलला की हे मॉड्यूल त्या कर्नलसाठी नव्यानं बांधावं लागतं आणि ते बांधण्याचं काम डीकेएमएस नावाची यंत्रणा गुपचूप करत असते. मी ‘डीकेएमएस स्टेटस’ टाकलं. ६.११ आणि ६.१४, दोन्हींसमोर ‘इन्स्टॉल्ड’. म्हणजे मॉड्यूल होतं. मग ते चढवायची आज्ञा, ‘सुडो मॉडप्रोब व्हीबॉक्सडीआरव्ही’, दिली आणि उत्तर आलं: ‘की वॉज रिजेक्टेड बाय सर्व्हिस’.

पहिली खिडकी म्हणत होती की ड्रायव्हर बसवलेलाच नाही. टर्मिनल सांगत होतं की ड्रायव्हर आहे, पण त्याची किल्ली नाकारली. खिडकीला फक्त दार बंद दिसत होतं. आत काय झालं ते तिला ठाऊक नव्हतं. त्यानंतर मी प्रत्येक एरर आधी टर्मिनलमध्ये किंवा लॉगमध्ये जाऊन वाचायला लागलो.

कर्नलवरचा संशय फिटावा म्हणून मशीन पुन्हा चालू करताना कोणता कर्नल उठवायचा ते ठरवणाऱ्या ग्रबचा मेनू उघडला, ‘ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स’मध्ये जाऊन जुना ६.११ निवडला. तिथंही तेच, किल्ली नाकारली. म्हणजे कर्नल निर्दोष. उरला बोर्ड. सिक्युअर बूटच्या किल्ल्या सांभाळणाऱ्या ‘मोकयुटिल’ला विचारलं तर सिक्युअर बूट चालू आहे असं उत्तर आलं. जुन्या मशीनवरही ते चालूच होतं आणि तिथं तर वर्षानुवर्षं बिनबोभाट चाललं होतं. मग इथं काय झालं?

हे कळायला मला अर्धा दिवस लागला. सिक्युअर बूट चालू असलं की कर्नल सही नसलेलं मॉड्यूल आत घेत नाही. डीकेएमएस जे मॉड्यूल बांधतं त्यावर ते माझ्याच मशीनवर तयार केलेल्या किल्लीनं सही करतं. ही किल्ली एसएसडीवर असते. पण ‘ही किल्ली माझ्या ओळखीची आहे’ ही नोंद एसएसडीवर नसते, ती बोर्डाच्या स्वतःच्या स्मृतीत असते. मी एसएसडी नव्या बोर्डाला लावली तेव्हा किल्ली बरोबर आली, सही बरोबर आली, पण नोंद जळलेल्या बोर्डातच राहिली. बँकेची शाखा बदलल्यावर होतं तसं: चेक आपला, सहीही आपलीच, पण नव्या शाखेत सहीचा नमुनाच नाही. काउंटरवरचा माणूस चेक परत करतो आणि त्याचं काही चुकत नाही.

सिक्युअर बूट बंद करून टाका, असा सल्ला या एररवर सगळीकडे मिळतो. चालतं ते. पण माझ्या मशीनवर लोकांची न छापलेली हस्तलिखितं असतात, कुणाचे शोधप्रबंध असतात. पाच मिनिटं वाचवायला कुलूपच काढून टाकणं मला पटलं नाही. नमुना नोंदवायचा, इतकंच तर काम होतं.

‘मोकयुटिल इम्पोर्ट’ करून किल्लीची फाईल दिली. उबंटूत ती व्हार, लिब, शिम-साइन्ड, मोक या वाटेवर असते. त्यानं एक तात्पुरता पासवर्ड विचारला. मशीन रीस्टार्ट केलं. याच वेळी छापखान्याचा फोन आला, मी तिकडे वळलो, आणि परत पाहिलं तर उबंटूचा लॉगिन समोर. किल्ली नोंदवायचा निळा पडदा येऊन गेलासुद्धा. तो दहा सेकंदच थांबतो. त्यात एखादी कळ दाबली नाही तर मशीन पुढे निघून जातं. इम्पोर्ट पुन्हा केलं. या वेळी कळफलकावर बोट ठेवून बसलो. निळ्या पडद्यावर ‘एनरोल मोक’, मग ‘कंटिन्यू’, मग ‘येस’, मग पासवर्ड. टाइप करताना पडद्यावर काहीही उमटत नाही, तरी अक्षरं जात असतात. मग रीबूट.

पुन्हा ‘मॉडप्रोब’ दिलं. काही न बोलता प्रॉम्प्ट परत आला. लिनक्समध्ये गप्प राहणं म्हणजे काम झालं.

एक्सपीवर क्लिक केलं. दुसरी खिडकी: ‘ईएनपी३एस०’ नावाचा नेटवर्क इंटरफेस सापडत नाही, सबब मशीन चालू करता येत नाही. यावर फार वेळ गेला नाही. एक्सपीचं नेटवर्क मी कधीतरी ब्रिज्ड, म्हणजे थेट मशीनच्या नेटवर्क पोर्टला जोडलेलं, ठेवलं होतं आणि त्याच्या सेटिंगमध्ये जुन्या बोर्डावरच्या नेटवर्क पोर्टचं नाव लिहिलेलं होतं. नव्या बोर्डावर पोर्ट वेगळ्या जागी आहे, म्हणून लिनक्सनं त्याला नाव वेगळं दिलं. नवं नाव निवडलं असतं तर भागलं असतं. पण मी नेटवर्कच काढून टाकलं. एक्सपीचा आधार मायक्रोसॉफ्टनं ८ एप्रिल २०१४ ला थांबवला. अशा यंत्रणेला इंटरनेटशी जोडून ठेवणं मुळातच चूक होतं. फायलींची ने-आण सामायिक फोल्डरमधून होते, तेवढं मला पुरतं.

पुन्हा क्लिक. तिसरी: एएमडी-व्ही बायोसमध्ये (बोर्डाच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये) बंद आहे. शेवटी ‘एसव्हीएम डिसेबल्ड’.

इथे मला आधी राग आला. एक्सपीसारखं बत्तीस बिटांचं साधं पाहुणं, म्हणजे आत चालणारी यंत्रणा, आधीच्या व्हर्च्युअलबॉक्समध्ये प्रोसेसरच्या मदतीशिवायही चालायचं, हे मला आठवत होतं. पण ती सोय ६.१ आवृत्तीपासून काढून टाकली आहे. आता पाहुणं केवढंही लहान असो, प्रोसेसरची आभासीकरणाची सोय चालू असलीच पाहिजे. इंटेलमध्ये तिला व्हीटी-एक्स म्हणतात, एएमडीमध्ये एसव्हीएम किंवा एएमडी-व्ही. प्रोसेसरची माहिती देणाऱ्या ‘एलएससीपीयू’मध्ये तिची ओळच दिसत नव्हती. मशीन चालू करताना डिलीट दाबून बायोसमध्ये गेलो. प्रोसेसरच्या पानावर ‘एसव्हीएम मोड’ होता, समोर ‘डिसेबल्ड’. चालू केला, जतन केलं, बाहेर आलो. ‘एलएससीपीयू’नं ‘व्हर्च्युअलायझेशन: एएमडी-व्ही’ असं दाखवलं. मला वाटलं, संपलं.

चौथी खिडकी सगळ्यांत वाईट होती. व्हर्च्युअलबॉक्सला एएमडी-व्ही ताब्यात घेता येत नाही. केव्हीएम बंद करा, कर्नल नव्यानं कम्पाइल करा आणि मशीन पुन्हा चालू करा. खाली ‘एसव्हीएम इन यूज’.

कर्नल कम्पाइल करा! तो गुरुवार होता, संध्याकाळचे साडेसात वाजले होते, आणि मी खुर्चीत मागे रेलून नुसता त्या वाक्याकडे पाहत राहिलो. मी मुळाक्षरं जुळवणारा माणूस आहे. कर्नल बांधणं हे माझं काम नव्हे आणि ते नीट न जमता केलं तर काय होईल याची मला भीती वाटत होती. त्याच वेळी काकूंचा फोन आला. “अरे, घाई नाही. फक्त विचारलं.” त्यांची ‘घाई नाही’ म्हणायची पद्धत मला माहीत आहे.

रात्री जेवून पुन्हा बसलो. वहीत दोन रकाने आखले: काय बदललं, आणि त्यामुळे काय घडलं. शेवटच्या ओळीत लिहिलं, ‘एसव्हीएम चालू केलं’, आणि पुढे, ‘एसव्हीएम आधीच कुणीतरी वापरतंय’. हे वाचताना लख्ख दिसलं. सकाळपर्यंत ते बंद होतं, म्हणजे कुणीच वापरत नव्हतं. मी चालू केल्याक्षणी माझ्याआधी दुसऱ्या कुणीतरी ते धरलं होतं.

चढलेल्या मॉड्यूलची यादी देणाऱ्या ‘एलएसमॉड’मध्ये केव्हीएम शोधलं. केव्हीएम आणि केव्हीएम-एएमडी, दोन्ही चढलेली. केव्हीएम ही लिनक्सची स्वतःची आभासीकरणाची यंत्रणा. २००७ च्या फेब्रुवारीत आलेल्या २.६.२० कर्नलपासून ती त्यातच आहे. ती मी कधी मुद्दाम बसवली नव्हती. प्रोसेसरला ही सोय आहे असं दिसलं की मशीन उठतानाच तिची मॉड्यूल आपोआप चढतात. माझ्या जुन्या इंटेल मशीनवरही ती चढलेलीच असणार. तरी तिथं व्हर्च्युअलबॉक्सशी तिचं कधी भांडण झालं नाही.

‘सुडो मॉडप्रोब, उणे आर, केव्हीएम-एएमडी’ दिलं. दोन्ही मॉड्यूल उतरली. एक्सपीवर क्लिक केलं, आणि काळ्या पडद्यावर विंडोजचा जुना झेंडा आला, खाली ती निळी पट्टी सरकायला लागली. कर्नल कम्पाइल करायची काहीही गरज नव्हती. खिडकीतलं ते वाक्य वाचून किती जण घाबरून परत फिरले असतील, याचा विचार मनात आला.

पण मशीन पुन्हा चालू केलं की केव्हीएम पुन्हा चढणार. कायमचा उपाय करण्याआधी मला कारण हवं होतं, म्हणून पहिल्या एररला केली होती तीच परीक्षा परत केली. ग्रबमधून ६.११ वर गेलो. केव्हीएम चढलेलं होतं आणि तरीही एक्सपी सुरळीत उठलं. ६.१४ वर आलो की अडलं. दोन्हीकडे दोन-दोनदा करून पाहिलं. या वेळी बोर्ड निर्दोष होता आणि फरक कर्नलचा होता.

रात्री साडेअकराला भाच्याला मेसेज केला, तर तो जागाच होता. त्यानं जे सांगितलं ते मी नंतर स्वतः वाचून पडताळलं. आधीच्या कर्नलांत केव्हीएम मॉड्यूल नुसतं चढून बसायचं. प्रोसेसरची सोय ते पहिलं आभासी मशीन सुरू करतानाच ताब्यात घ्यायचं. तोवर ती मोकळी, व्हर्च्युअलबॉक्सनं घेतली तरी चालायचं. ६.१२ पासून हे बदललं. आता केव्हीएम चढल्याबरोबरच सोय ताब्यात घेतं, मशीन सुरू असो वा नसो. हा बदल विचारपूर्वक केलेला आहे. केव्हीएम वापरणाऱ्यांची आभासी मशीनं त्यामुळे लवकर सुरू होतात. पण केव्हीएमच्या शेजारी दुसरं काही वापरणाऱ्याला जागा उरत नाही. मी ६.११ वरून थेट ६.१४ वर उडी मारली तेव्हा ही रेघ ओलांडली होती आणि मला पत्ता नव्हता. त्यात मजा अशी की एसव्हीएम बंद होतं तोवर केव्हीएमलाही काही धरता येत नव्हतं. तिसरी एरर मी दुरुस्त केली म्हणून चौथी दिसली. ती आधीपासूनच तिथं दबा धरून होती.

उपाय एका ओळीचा निघाला. ग्रबच्या फाईलीत, कर्नलला देण्याच्या सूचनांच्या ओळीत, एक शब्द वाढवायचा: केव्हीएम, टिंब, इनेबल-व्हर्ट-ॲट-लोड, बरोबर शून्य. जोडरेघांच्या जागी अंडरस्कोर. त्यानं केव्हीएमचं वागणं पूर्वीसारखं होतं, गरज पडेपर्यंत ते काही धरत नाही. केव्हीएमला काळ्या यादीत टाकून कायमचं बंद करायचाही मार्ग आहे. मी तो घेतला नाही, कारण उद्या मला केव्हीएमवर काही चालवायचं असेल तर ते कुणी बंद केलं हे शोधत बसायला नको. ‘अपडेट-ग्रब’ चालवलं, मशीन पुन्हा उठवलं, आणि ६.१४ वर, केव्हीएम चढलेलं असताना, एक्सपीवर क्लिक केलं.

झेंडा आला. पट्टी सरकली. आणि मग निळा पडदा.

हा निळा पडदा एक्सपीचा स्वतःचा होता, म्हणजे आता भांडण उबंटूशी नव्हतं. आदल्या वेळी मी झेंडा दिसताच खूश होऊन मशीन बंद केलं होतं आणि ६.११ वरच्या परीक्षेतही तेवढंच पाहिलं होतं. पूर्ण डेस्कटॉप येईपर्यंत एकदाही थांबलो नव्हतो. पडद्यावरच्या पांढऱ्या मजकुरात एक फाईलचं नाव होतं: इंटेलपीपीएम डॉट सिस. ‘इंटेल’ हा शब्द वाचला आणि कोडं सुटलं. हे एक्सपी इंटेलच्या मशीनवर बसवलेलं. आभासी मशीनमध्ये बाकी सगळं खोटं असतं, डिस्क खोटी, नेटवर्क कार्ड खोटं, पण प्रोसेसर पाहुण्याला खराच दिसतो. एक्सपी उठताना इंटेलच्या प्रोसेसरचा ड्रायव्हर चालवू पाहत होतं आणि खाली प्रोसेसर एएमडीचा होता.

उपाय जुना आणि साधा आहे. आभासी मशीन चालू होताना एफ८ दाबून सेफ मोडमध्ये गेलो, कमांड प्रॉम्प्ट उघडला आणि ‘एससी कॉन्फिग’नं इंटेलपीपीएम ही सेवा ‘डिसेबल्ड’ केली. त्यात ‘स्टार्ट’ नंतरच्या बरोबरच्या चिन्हाला लागून शब्द लिहायचा नाही, मध्ये एक मोकळी जागा सोडावी लागते. ती सोडली नाही तर आज्ञा नाकारली जाते. मला हे दोनदा टाइप करून कळलं. हा ड्रायव्हर प्रोसेसरची वीज वाचवायचं काम करतो. आभासी मशीनला त्याचा तसाही उपयोग नाही.

शुक्रवारी पहाटे पावणेदोनला एक्सपीचा तो हिरवा डोंगर आणि निळं आभाळ दिसलं. लॉक यूएसबीला लावलं. उपकरणांच्या मेनूत त्याचं नाव होतं, टिचकी मारली, एक्सपीनं ओळखलं. इथं काही अडलं नाही, कारण यूएसबी वापरायची परवानगी देणाऱ्या व्हीबॉक्सयूजर्स गटात माझं नाव घालायचं काम जुन्या मशीनवरच झालं होतं आणि ते एसएसडीबरोबर आलं होतं. जे डिस्कवर लिहिलेलं होतं ते सगळं आलं. जे बोर्डात किंवा प्रोसेसरमध्ये होतं ते मागे राहिलं. वहीत पाचही एररपुढे मी शेवटी एवढंच लिहिलं: डिस्क, बोर्ड, प्रोसेसर की कर्नल.

पेजमेकर उघडला. फाईल उघडली. पहिल्याच पानावर शीर्षक, खाली कवींचं नाव, त्या जुन्या फॉन्टात, ‘श’ची गाठ थोडी जास्त जाड असलेला तो फॉन्ट. मी पानं उलटत गेलो. छापील पहिली आवृत्ती मांडीवर होती. सेहेचाळीसाव्या पानावर छापलं आहे, ‘पाऊस थांबल्यावर’. फाईलीत आहे, ‘पाऊस थांबला तेव्हा’. मला ती संध्याकाळ आठवली. त्यांनी ही ओळ चार वेळा मोठ्यानं म्हणून पाहिली होती आणि मग म्हणाले होते, “थांबल्यावर नको. थांबला तेव्हा. मला तो क्षण पाहिजे.”

त्याच रात्री फाईल पोस्टस्क्रिप्ट या छपाईच्या स्वरूपात छापून घेतली, फॉन्ट आतच बसवून. सामायिक फोल्डरमधून ती उबंटूवर आली आणि गोस्टस्क्रिप्टच्या ‘पीएस टू पीडीएफ’नं तिची पीडीएफ केली. ‘पीडीएफ-फॉन्ट्स’ चालवून पाहिलं, सगळे फॉन्ट आत आहेत ना म्हणून. होते. आता त्या फाईलीला एक्सपी लागत नाही, लॉक लागत नाही, माझं मशीनसुद्धा लागत नाही. मजकूर युनिकोडमध्ये आणायचं काम वेगळं, ते मी त्यानंतरच्या आठवड्यात केलं. जुन्या फॉन्टातली रफार आणि पहिली वेलांटी रूपांतरात जागा बदलते, म्हणून प्रत्येक पान डोळ्यांनी वाचावं लागलं. त्यानंतर इतर जुन्या पुस्तकांनाही हात घातला आहे. रोज रात्री दोन फायली, पोस्टस्क्रिप्ट, पीडीएफ, मग युनिकोड. यादीत अजून दीडशेच्या वर बाकी आहेत.

शनिवारी सकाळी प्रूफ घेऊन काकूंकडे गेलो. त्यांनी चष्मा लावला, पानं सावकाश उलटली, सेहेचाळीसाव्या पानावर थांबल्या. ओळीवर बोट ठेवून त्यांनी ती हळू आवाजात वाचली.

“हे त्यांनीच बदललं होतं ना?”

“हो काकू. माझ्यासमोर.”

त्यांनी पेन्सिल उचलली, समासात बरोबरची खूण केली आणि पुढचं पान उलटलं.